दुर्बिणीच्या आधी वही

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मुलं घरीच शिकतात, धाकटं सात वर्षांचं आणि थोरलं अकराचं. दोघांनाही आकाशाचं वेड लागलंय. आईवडिलांना मात्र सप्तर्षींपलीकडे फारसं काही ओळखता येत नाही. दुर्बीण कुठली घ्यावी, अभ्यासक्रम कुठला लावावा आणि स्वतःलाच येत नाही ते शिकवायचं कसं?

तिन्हींची उत्तरं देते, पण क्रम उलटा लावून. मुलांना घेऊन आकाश बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि त्यातून एक ठाम मत झालंय: एका रात्रीत आकाश दाखवता येतं, शिकता येत नाही. शिकायचा असतो तो बदल. काल चंद्र त्या झाडाच्या उजवीकडे होता, आज डावीकडे का? महिन्यापूर्वी नऊ वाजता उगवणारा तारा आता सातलाच वर कसा? असा बदल लक्षात यायला एकच जागा, ठरलेली वेळ आणि एक वही लागते. शाळेच्या वेळापत्रकात हे जवळजवळ अशक्य असतं. वर्गाच्या वाट्याला फार तर एखादी आकाशदर्शनाची रात्र येते. तुमच्याकडे रोजची संध्याकाळ आहे, आणि पहाटे उठून शुक्र बघितलेल्या मुलाला सकाळी उशिरापर्यंत झोपू देण्याची मुभाही आहे.

आता ‘आम्हाला येत नाही’ याबद्दल. बहुतेक मोठ्या माणसांना आकाशाबद्दल जे येत असतं ते कधी पडताळून पाहिलेलं नसतं. ध्रुव हा सगळ्यात तेजस्वी तारा, चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, सूर्य जवळ आला की उन्हाळा येतो: ही तिन्ही विधानं सुशिक्षित लोक बिनदिक्कत करतात आणि तिन्ही चूक आहेत. ध्रुव तेजस्वितेत पहिल्या चाळिसातही येत नाही. चंद्र अर्धा दिसतो तेव्हा पृथ्वीची सावली भलत्याच दिशेला असते. आणि पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असताना. तेव्हा कोरी पाटी घेऊन बसलेले पालक मला जास्त बरे वाटतात. तुमचं काम उत्तर देणं नाही. वेळेवर सगळ्यांना बाहेर काढायचं, जागा बदलू द्यायची नाही, जे दिसलं ते लिहून घ्यायचं आणि पुस्तकातलं उत्तर निरीक्षणाच्या आधी फुटू द्यायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, विशेषतः थोरल्याने आधीच वाचून ठेवलेलं असेल तर. तेव्हा त्याला एकच विचारा: हे आपल्याला इथून दिसेल का, आणि कसं?

पहिल्या आठवड्यात तारे बघूच नका. गच्ची, अंगण, खिडकी, जे असेल तिथे उभं राहायची एक नेमकी जागा ठरवा आणि दिवसाउजेडी तिथून दिसणारं क्षितिज कागदाच्या लांब पट्टीवर काढून घ्या. इमारतींच्या कडा, झाडं, टाकी, खांब, सगळं. ही पट्टी पुढे वर्षभर तुमचं उपकरण असणार आहे. मापं हातानेच घ्यायची: हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते, करंगळी १ अंश. मुलाचा हात लहान असला तरी डोळ्यापासूनचं अंतरही त्याच प्रमाणात कमी असतं, त्यामुळे त्याची मूठही जवळपास तेवढीच भरते. मुलांना हे कोणी सांगितलं तर पटत नाही; क्षितिजापासून थेट डोक्यावरच्या खस्वस्तिकापर्यंत मुठीवर मूठ ठेवत मोजायला लावा. नऊच्या आसपास आल्या की पटतं.

मग अमावास्येनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी चंद्रापासून सुरुवात करा. मी इथे मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण पहिला महिना नीट झाला की निम्मं खगोलशास्त्र त्यात येऊन जातं.

रोज सूर्यास्तानंतर ठरलेल्या वेळी चंद्र कुठे आहे ते क्षितिजाच्या पट्टीवर काढायचं. कोर किती, तिचा फुगलेला भाग कुठल्या बाजूला, आणि सूर्य मावळला त्या जागेपासून किती मुठी लांब. रोज सव्वा मुठीच्या आसपास चंद्र पूर्वेकडे सरकलेला दिसेल. दोन-तीन दिवसांतच धाकटं ओळखेल की कोरीचा उजळ भाग नेहमी सूर्याकडे तोंड करून असतो. ते वाक्य त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. पौर्णिमेपर्यंत हा क्रम छान चालतो आणि मग एक दिवस ठरलेल्या वेळी चंद्र दिसतच नाही. गेला कुठे? सरासरी पन्नास मिनिटं रोज उशिरा उगवत तो आता रात्री उशिरा वर येतोय. इथे पालक हळहळतात, पण खरी गंमत यापुढे आहे: पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी पश्चिमेला बघा. निळ्या आकाशात चंद्र दिसतो. चंद्र दिवसाही असतो हे कित्येक मोठ्यांनी कधी नोंदलेलं नसतं.

त्या दिवसाच्या चंद्राबरोबर एक प्रयोग करा. उन्हात उभं राहून एक पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या दिशेने, त्याच्या शेजारी दिसेल असा धरायचा. चेंडूचा जेवढा आणि ज्या बाजूचा भाग उजळ दिसतो तेवढाच चंद्राचाही दिसतो. दोघांवर एकाच सूर्याचा प्रकाश एकाच दिशेने पडतोय. सावलीची भानगड इथे कायमची मिटते. रात्री अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि मुलाच्या हातातला चेंडू घेऊन गोल फिरणं हाही उत्तम प्रयोग आहे, पण तो या नंतर करा. आधी केला तर मूल खोलीतला चेंडू शिकतं, आकाशातला चंद्र तसाच राहून जातो.

थोरल्यासाठी याच महिन्यात एक वेगळं काम आहे. चंद्र एखाद्या ठळक ताऱ्याच्या शेजारून जातो ती रात्र नोंदवायची. चंद्राच्या वाटेच्या आसपास असे चार ठळक तारे आहेत: रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. मग चंद्र त्याच ताऱ्यापाशी परत कधी येतो ते मोजायचं. उत्तर २७ दिवस आणि वर थोडे तास. चंद्राच्या वाटेवर २७ नक्षत्रं कल्पिली आहेत ती याच हिशोबाने, रोज साधारण एक. पण पौर्णिमा ते पौर्णिमा मोजली तर साडेएकोणतीस दिवस भरतात. मग हे दोन-सव्वादोन दिवस कुठून आले? लगेच सांगू नका. खोलीच्या मध्ये एक खुर्ची ठेवा, तो सूर्य. थोरल्याने पृथ्वी होऊन खुर्चीभोवती हळूहळू चालायचं, धाकट्याने चंद्र होऊन थोरल्याभोवती फिरायचं. भिंतीवर लांब कुठेतरी एक खूण, तो तारा. चंद्राची भिंतीवरच्या खुणेच्या दिशेने एक फेरी पुरी होते तेव्हा पृथ्वी पुढे सरकलेली असते, आणि खुर्चीच्या समोर पुन्हा यायला चंद्राला थोडं जास्त चालावं लागतं. धडपडत, एकमेकांना आपटत हे एकदा केलं की नाक्षत्र मास आणि चांद्र मास यांची व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

हीच गोष्ट ताऱ्यांच्या बाबतीत आणखी सोप्या रीतीने हाती लागते. एखादा ठळक तारा समोरच्या इमारतीच्या कडेआड जातो ती वेळ घड्याळात बघून लिहा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. रोज सुमारे चार मिनिटं आधी. महिन्याला दोन तास, वर्षाला चोवीस तास, म्हणजे वर्षाने तारा पुन्हा त्याच वेळी त्याच कडेला. अकरा वर्षांच्या मुलाला हा गुणाकार येतो आणि त्यातून ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे वाक्य पहिल्यांदा त्याने मोजलेलं असतं.

दिवसाचं खगोलशास्त्र लोक विसरतात. मोकळ्या सपाट जागेत ओळंब्याने सरळ उभी केलेली एक मीटरची काठी घ्या आणि दुपारच्या आसपास दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सगळ्यात आखूड सावली अचूक उत्तर-दक्षिण रेषा देते. आणि ती बरोबर बाराला पडत नाही! याची दोन कारणं आहेत. एक, तुमचं रेखांश आणि घड्याळाच्या प्रमाणवेळेचं रेखांश वेगळं असतं. दुसरं जास्त मजेशीर: पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे सूर्य घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास १४ मिनिटं मागे. दर आठवड्याला घड्याळातल्या एकाच वेळी सावलीच्या टोकाची खूण करत वर्ष काढलंत तर जमिनीवर इंग्रजी आठसारखी आकृती उमटते. चिकाटीचं काम आहे, प्रत्येक घरात जमत नाही. जमलं नाही तरी महिन्यातून एकदा दुपारची सर्वांत आखूड सावली मोजणं पुरेसं आहे. ऋतूंचं कारण त्या आकड्यांत दिसतं.

याच काठीने पृथ्वी मोजता येते. इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ते केलं: अलेक्झांड्रियात सूर्य डोक्यापासून ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, कललेला होता आणि दक्षिणेला सायीनीत बरोबर डोक्यावर. घरी मुलं शिकवणारं दुसरं कुटुंब तुमच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला काहीशे किलोमीटरवर असेल तर एकाच दिवशी दोघांनी आपापली आखूड सावली मोजा. काठीची उंची आणि सावली यांवरून कोन काढा, दोन्ही कोनांतला फरक घ्या. उत्तर-दक्षिण अंतर त्या फरकाने भागून ३६० ने गुणलं की परीघ. दोन्ही गावं एकाच रेखांशावर नसली तरी चालतं, कारण प्रत्येकजण आपल्या दुपारी मोजतो. फक्त अंतर नकाशावर सरळ उत्तर-दक्षिण धरायचं. ४०,००० किलोमीटरच्या जवळपास आकडा आला की मुलं नाचतात. बराच चुकला तर चूक कुठे झाली हे शोधण्यात एक आख्खी सकाळ सत्कारणी लागते.

पृथ्वी, चंद्र, सूर्य यांच्या अंतरांबद्दल पुस्तकातली चित्रं सर्रास दिशाभूल करतात, कारण पानावर दुसरं काही मावतच नाही. मुलांना बास्केटबॉल आणि टेनिसचा चेंडू द्या. पृथ्वी आणि चंद्र म्हणून हे प्रमाण बऱ्यापैकी जुळतं. चंद्र किती लांब ठेवायचा? बहुतेकजण हातभर अंतर सांगतात. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट, म्हणजे इथे सात मीटरच्या वर. सूर्याला १४ सेंटिमीटरचा गोळा मानलं तर पृथ्वी सव्वा मिलिमीटरचा कण होते, १५ मीटरवर. गुरू ७८ मीटरवर, नेपच्यून साडेचारशे मीटरवर. हे चालत जाऊन बघायचं. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, त्याच प्रमाणात सुमारे ४,००० किलोमीटरवर. तिथवर चालायला नको.

ग्रहांपैकी गुरू घरगुती अभ्यासाला सगळ्यात उदार. द्विनेत्री (दोन डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण) भिंतीवर किंवा तिपाईवर नीट टेकवून धरली तर त्याचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला गुरूशेजारी तीन ‘तारे’ नोंदले, आणि १३ जानेवारीपर्यंत ते चार असल्याचं त्याला कळलं होतं. तुमच्या मुलांनीही तेच करायचं: एक आडवी रेघ, मध्ये गोल, आजूबाजूला ठिपके, खाली तारीख आणि वेळ. पाच मिनिटांचं काम. महिनाभराच्या अशा रेघा एकाखाली एक ठेवल्या की ठिपक्यांच्या नागमोडी वाटा दिसायला लागतात, आणि थोरलं त्यातून कॅलिस्टोला वेगळं काढू शकतं, कारण तो सगळ्यात लांब जातो आणि फेरीला जवळजवळ १७ दिवस घेतो. आयो ४२ तासांत फेरी मारतो. एकाच रात्री काही तासांच्या अंतराने पाहिलं तरी तो हललेला असतो. इथूनच ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगता येते. आयोला लागणारी ग्रहणं पृथ्वी गुरूपासून लांब जाते तेव्हा उशिरा दिसतात, हे बघून १६७६ मध्ये त्याने ताडलं की प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. गुरूच्या चंद्राचं वेळापत्रक बघताना प्रकाशाचा वेग सापडला.

मुलं स्वतःला लहान समजून मागे राहत असतील तर जॉन गुडरिकची ओळख करून द्या. तो बहिरा होता. ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा ठरावीक वेळाने मंदावतो, हे त्याने १७८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी मांडलं आणि कारणही सुचवलं: समोरून काहीतरी मोठं जात असावं. आज आपल्याला माहीत आहे की तिथे दोन तारे एकमेकांना झाकतात. हे दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी घडतं आणि त्यासाठी कुठलंच उपकरण लागत नाही. एरवी अल्गॉल देवयानीच्या टोकाच्या गॅमा ताऱ्याएवढा दिसतो; मंदावला की ययातीतल्याच इप्सिलॉनपेक्षाही फिका. मंदावण्याची वेळ संगणकावर आधी बघून ठेवा आणि त्या संध्याकाळी दर अर्ध्या तासाने कोण कोणापेक्षा ठळक एवढंच मुलांना लिहू द्या. असे रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे नोंदवणाऱ्या हौशी निरीक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९११ पासून आहे आणि त्यांच्या नोंदी संशोधक खरोखर वापरतात. थोरल्याला पुढे त्यात शिरता येईल.

दोघांच्या वयातल्या फरकाची काळजी करू नका. आकाश एकच, काम वेगळं. धाकट्याने चित्र काढायचं, नावं ठेवायची, मोजायचं. पारंपरिक आकृती दिसत नसेल तर स्वतःची बनवायची. थोरल्याने कोन, आलेख आणि ‘पुढच्या मंगळवारी कुठे असेल’ हे भाकीत. भाकीत आधी लिहून सही करायची, मग बघायचं. धाकट्याला अंतराळस्थानक फार आवडतं, तेही सांभाळा: सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते पृथ्वीला दीड तासात एक फेरी घालतं आणि संध्याकाळी आकाश ओलांडताना मध्येच विझतं. ढग नाही, क्षितिज नाही, मग गेलं कुठे? ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं. पृथ्वीची सावली अनुभवण्याची ही एक जागा, आणखी एक म्हणजे चंद्रग्रहण. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी बिनधास्त बघता येतं, आणि चंद्रावरून सरकणारी सावलीची कड कायम गोलाकार असते हे मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रात दिसू द्या.

वाढदिवसाचा तारा हा खेळ घरभर चालतो. मूल जितक्या वर्षांचं तितक्या प्रकाशवर्षांवरचा तारा शोधायचा. आज दिसणारा त्याचा प्रकाश मुलाच्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे धाकट्याला अजून दीडएक वर्ष थांबायचंय. प्रश्वा साडेअकरावर, थोरल्याचा येतोच आहे. श्रवण सुमारे १७, अभिजित २५, स्वाती ३७, ब्रह्महृदय ४३, रोहिणी ६५ आणि मघा ७९, तेव्हा आजीआजोबांचीही सोय होते.

शहरात राहता म्हणून नाउमेद होऊ नका. चंद्र, ग्रह, जोडतारे यांना काळोख फारसा लागत नाही. सप्तर्षींतले वसिष्ठ आणि अरुंधती साध्या डोळ्यांनी वेगळे दिसतात का हे बघणं शहरातूनही होतं. मात्र जमेल तेव्हा वर्षातून एक-दोनदा खरोखर अंधाऱ्या ठिकाणी न्या, अमावास्येच्या आसपास. तिथे डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं द्यावी लागतात. काळोखात काम करणाऱ्या पेशींमधलं रसायन हळूहळू साठतं आणि मोबाइलच्या एका झगमगाटात उडून जातं. टॉर्चवर लाल कागद लावा आणि मोबाइल खिशात. मग देवयानी दीर्घिका दाखवा. २५ लाख प्रकाशवर्षं दूरची ती वस्तू साध्या डोळ्यांना फिकट ढगासारखी दिसते, आणि थेट न बघता थोडं बाजूला बघितलं तर जास्त नीट. उल्कावर्षावासाठी १२-१३ ऑगस्टचे ययातीचे आणि १३-१४ डिसेंबरचे मिथुनेचे पुरेत, तेही त्या वर्षी चंद्र आड येत नसेल तरच. अंथरूण टाकून आडवं व्हायचं, बस्स.

मोबाइलवरचं तारे ओळखणारं अ‍ॅप आधी उघडू नका. नाव कळलं की मूल बघणं थांबवतं, हा माझा पक्का अनुभव आहे. संगणकावर आकाश दाखवणारं स्टेलेरियम मोफत आहे आणि फार चांगलं आहे, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी: काल पश्चिमेला पिवळसर, न लुकलुकणारं काय होतं? ढगाळ दिवसांतही त्यावर काळ मागेपुढे करता येतो. थोरलं कधीतरी राशींबद्दल विचारेल. तेव्हा वाद घालू नका, स्टेलेरियममध्ये डिसेंबरचा सूर्य कुठल्या तारकासमूहात आहे ते शोधायला सांगा. ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबरच्या सुमारास तो भुजंगधारीत असतो, आणि भुजंगधारी बारा राशींत नाही. पुढचे प्रश्न ते स्वतःच विचारेल.

सूर्याच्या बाबतीत मात्र प्रयोग, अंदाज, सवलत काही नाही. सूर्याकडे साध्या डोळ्यांनी टक लावायचं नाही आणि द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून तर एक क्षणही नाही. दृष्टिपटल जळताना दुखत नाही, म्हणून मूल मागे हटत नाही. ग्रहणासाठी आयएसओ १२३१२-२ हे मानक असलेलेच चष्मे, तेही ओरखडा नसलेले, आणि ते घालून द्विनेत्रीतून बघायचं नाही. दुर्बिणीला सौरगाळणी लावायची ती पुढच्या तोंडावर, घट्ट बसणारी. नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, फिरवून बसवायची छोटी गाळणी काही जुन्या दुर्बिणींबरोबर येते. ती उष्णतेने तडकू शकते, सरळ फेकून द्या. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडणं सगळ्यात सुरक्षित आणि मुलांना करताही येतं. दिवसा दुर्बीण उघड्यावर ठेवून आत जायचं नाही, हा घरातला नियमच करा.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर वहीच अभ्यासक्रम. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, आकाश कसं होतं, चित्र, आणि शेवटी एक प्रश्न. कुठे दाखवायची वेळ आली तर वर्षभराची अशी वही गणित, विज्ञान, इतिहास आणि लेखन या चारही रकान्यांत बसते. रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. कंटाळलेल्या मुलाला एक आठवडा सोडून द्या. नोंदीत खाच पडली तरी चंद्र पुढच्या महिन्यात आहेच.

राहिली दुर्बीण. आधी द्विनेत्री घ्या. तिच्यावर ७×५० किंवा १०×५० असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. धाकट्याच्या हाताला ५० चं वजन पेलत नाही, त्याला ७×३५ किंवा ८×४० बरी. दोन नळ्या त्याच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का हे घेण्यापूर्वी लावून बघा. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, पुष्यातला तारकागुच्छ आणि चंद्रावरची विवरं हिच्यातून सुंदर दिसतात. विवरं बघायची ती पौर्णिमेला नाही, तर चंद्र अर्धा असताना, उजेड-अंधाराच्या सीमेवर, कारण तिथे सावल्या लांब पडतात.

वर्षभर वही चालली आणि मुलं स्वतःहून ‘याच्या आत काय आहे’ असं विचारायला लागली की सुमारे १५० मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या. लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची, मोटार नाही, त्यामुळे मुलांना आकाश स्वतः शोधावं लागतं. खोक्यावर किती पट मोठं दिसतं हे ठळक छापलेल्या दुर्बिणींपासून लांब राहा. उपयोगी वर्धनाची मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट. ६० मिलिमीटरची दुर्बीण १२० पटीपुढे फक्त मोठा धूसरपणा दाखवते, तोही थरथरत्या तिपाईवर. शनीची कडी तीसेक पटीतही दिसते. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की तेजोमेघ फोटोतल्यासारखे रंगीत दिसणार नाहीत, करडे दिसतील. फोटो तासन्‌तास प्रकाश साठवून काढलेले असतात, डोळा तसं साठवू शकत नाही.

खरेदीआधी जवळपास आकाशप्रेमींचं मंडळ असेल तर त्यांच्या दुर्बिणीतून मुलांना एकदा बघू द्या. सात वर्षांच्या मुलाला एक डोळा मिटून नेत्रिकेत बघणं बहुधा जमत नाही. ‘दिसलं’ म्हणतं आणि स्वतःच्या पापण्याच बघत असतं. दिसलं का असं विचारू नका, काय दिसलं ते कागदावर काढायला सांगा. दुसऱ्या डोळ्यावर पट्टी बांधा, उभं राहायला भक्कम पायरी द्या, आणि नळीला हात लावायचा नाही हे सांगून ठेवा.